अंडेवाले आबा

देवपुरातली ती वरची खोली बघायला गेले तेव्हा आबांनी भाडं सांगायच्या आधी अट सांगितली. "घरात अंडं आणायचं नाही. उकडलेलं नाही, तळलेलं नाही, बेकरीतला केकसुद्धा नाही. बाहेर काय खाता ते तुमचं तुम्ही बघा." मी मान डोलावली. धुळ्यात एकट्या राहणाऱ्या मुलीला खोली देताना घरमालक याहून भलत्या अटी घालतात, हे मला तोवर चांगलं कळलं होतं. मग त्यांनी मला बैठकीत बसवलं, पाणी दिलं आणि समोरच्या भिंतीकडे बोट करून विचारलं, "सांगा बघू, हे काय आहे?"

भिंतीवर आलेखाचे कागद एकाला एक जोडून चिकटवले होते. जुने पिवळे पडलेले, नवे पांढरे. त्यांवर पेन्सिलीचे बारीक ठिपके आणि ठिपक्यांमधून, टाचण्यांना वळसे देत नेलेला काळा दोरा. वर शाईने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'अंड्यांतून मिळणारी चरबी. दरडोई, दररोज, ग्रॅम.' मी ते वाचलं आणि आबांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघितलं. घरात अंड्याला बंदी आणि भिंतीवर अंड्याचाच कारभार! मी सरकारी कार्यालयात सांख्यिकी सहायक म्हणून नुकतीच लागले होते, त्यामुळे रेष वाचता येत होती. "आधी चढलीय, मग बरीच वर्षं घसरलीय, आता रेंगाळतेय," मी म्हणाले. "कोणता देश आहे हा?"

"खोली तुमची," आबा म्हणाले. "देश विचारायचा नाही."

देश लहान आहे, आपल्या धुळे जिल्ह्याच्या पोटात सहज मावेल, एवढंच ते कोणालाही सांगत. पुढे दरवर्षीचा आकडा मीच मोबाइलवर शोधून आणून द्यायला लागले, तेव्हा नाव मला कळणारच होतं. पण ते मी आजही कोणाला सांगत नाही. आबांचं म्हणणं असं, की नाव सांगितलं की माणूस लगेच नकाशा काढतो, समुद्र बघतो, तिथले लोक काळे की गोरे ते बघतो आणि आकडा बघायचा राहून जातो. हे मला तेव्हा विक्षिप्तपणाचं वाटलं होतं. आता निम्मं पटतं.

आबा धुळ्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. मूळचे असोद्याचे, जळगावजवळच्या. घरची केळी, घरचा कापूस, घरात तीन पिढ्यांची माळ. नोकरीच्या सुरुवातीला ते मुलांना कापसाच्या भावाचे ठिपके देत आणि नजरेने त्यांतून कल दाखवणारी रेष काढायला सांगत. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की कापूसवाल्याच्या मुलाची रेष शेवटी हळूच वर जाते. केळीचे ठिपके दिले की रावेर-असोद्याकडच्या मुलांच्या रेषा वर. पगाराचे दिले की मास्तरांच्या मुलांच्या. मुलं लबाडी करत नव्हती. त्यांचा हात त्यांच्या नकळत सरकत होता. "हाताला घर असतं," आबा मला सांगायचे. "त्याला ओळखीचा आकडा दाखवला की तो घरी पळतो."

म्हणून त्यांनी असा आकडा शोधला, की ज्याच्याशी त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाचं काही देणंघेणं नसेल. कॉलेजच्या ग्रंथालयात कोणी न उघडलेलं अन्नधान्याच्या आकड्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात तो सापडला. एक चिमुकला देश, त्यातली अंडी, त्या अंड्यांतली चरबी. दरवर्षी पहिल्या तासाला ते हे ठिपके फळ्यावर काढत आणि म्हणत, "माझ्या घरात अंडं येत नाही. अंड्याचं माझ्या घरात कोणाला काही नाही. म्हणून ही रेष स्वच्छ आहे. अशी स्वच्छ रेष आधी काढायला शिका, मग कापसाकडे वळा." हे वाक्य त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ होतं. बँकेत, कोर्टात, भाजीबाजारात कुठेही भेटले की ते हसत हसत म्हणून दाखवायचे.

गल्लीत त्यांचं नाव अर्थातच 'अंडेवाले आबा' पडलं होतं. माळकरी माणसाला हे नाव! त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. एकदा हॉस्टेलची मेस चालवणारा एक गृहस्थ पत्ता विचारत विचारत आला. दारातूनच म्हणाला, "अंडेवाले आबा इथंच ना? मला रोजचे ट्रे लागतील." आबांनी त्याला बसवलं, चहा दिला, भिंत दाखवली. चढ का आला असावा, उतार का आला असावा आणि यातलं आपल्याला निश्चित काहीच कसं सांगता येत नाही, हे सगळं समजावलं. तो बिचारा मान हलवत राहिला. उठताना म्हणाला, "ते बठ्ठं खरं भाऊ, पण भाव काय लावशात?" मी जिन्यात बसून हे ऐकत होते. तोंडात ओढणी कोंबून बसले होते.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "माझं मत बाद." ज्या गोष्टीत आपलं काही अडकलेलं आहे, तिच्यावर बोलायचा आपल्याला हक्क नाही, असा त्यांचा कायदा होता आणि तो ते स्वतःला आधी लावत. असोद्याहून त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणत, पोतंभर वांगी पाठवत. भरीत झालं की मी विचारायची, "कसं झालंय आबा?" ते तोंडभर भरीत असताना म्हणायचे, "मी असोद्याचा. माझं मत बाद." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. सगळ्यांनी विचारलं, कशी वाटली? "मुलगा माझा पुतण्या. माझं मत बाद." गल्लीत गटारीवरून भांडण पेटलं, दोन्ही बाजू त्यांच्याकडे आल्या. "माझंही पाणी याच गटारीत जातं. माझं मत बाद." लोक चिडायचे. सल्ला मागायला यावं आणि माणसाने हात वर करावेत, याला काय म्हणायचं? पण ज्यात त्यांचं काहीच नसे, अशा भांडणात त्यांनी दिलेला निवाडा लोक मुकाट ऐकत, हेही मी पाहिलं आहे.

अक्का या सगळ्याच्या बाहेर होत्या, असं मला वाटायचं. अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं. त्या दिवसभर गोधड्या शिवत. भिंतीवरचा काळा दोरा त्यांच्याच डब्यातला. त्यांचं माहेर शिंदखेड्याच्या बाजूचं आणि मीही शिंदखेड्याची, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमचं जमलं. आबांशी मी कार्यालयात बोलतात तसं मराठी बोलायची आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की अहिराणी. "ये वं माय," म्हणत त्या पाट सरकवायच्या. मला आईची आठवण आली, की मी खाली जाऊन त्यांच्याजवळ नुसती बसायची.

नवा आकडा मिळाला, की घरात एक सोहळा होई. तो आकडा दोन-तीन वर्षं मागचाच असे, पण आबांना ताजा वाटे. मी तो चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायची. वर गेला की खाली, हे आधी बोलायचं नाही, तोंडावरही दिसू द्यायचं नाही. आबा हात धुऊन येत. चिठ्ठी उघडून ठिपका देत. मग शेवटची टाचणी काढून दोरा हातात घेत आणि ठिपक्यांवर धरून सरकवत राहत. जेवढे ठिपके दोऱ्याच्या वर, साधारण तेवढेच खाली राहिले पाहिजेत. दोरा ठरला की डोळे मिटून बसत आणि एकदम उघडून पुन्हा बघत. डोळे मिटल्याने मनातली इच्छा जाते, असं त्यांचं मत. या सगळ्यात नेमक्या वेळी अक्का दारात येत आणि विचारत, "वर गया का खाले?"

आबा दरवेळी वैतागत. "वर-खाली काय? आधी रेष बघायची."

"तसं नही. तठला लोके पोटभर खातस ना, म्हनीसन इचारं."

"लोकांचा प्रश्नच नाही इथं. प्रश्न रेषेचा आहे."

अक्का पदराला हात पुसत परत जात. नवऱ्याच्या छंदात बायको घेते तेवढा तो रस, असं मी धरून चालले होते. आबाही तसंच धरून चालले होते.

मी अंडं खायची ते बसस्टँडजवळच्या गाडीवर. कार्यालय सुटलं की आठवड्यातून एखाद्या दिवशी आम्लेट-पाव. घरी आले की आबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणत, "आज आहार उत्तम झालेला दिसतो." त्यांचं नाक मांजराचं होतं. अक्का मात्र मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारायच्या, कांदा घातला होता का, मिरची घातली होती का, कडा कुरकुरीत होत्या का. मी वर्णन करायची. त्या हातातली सुई थांबवून ऐकायच्या. बाईला ऐकायची हौस आहे, असं वाटून मीही रंगवून सांगायची.

मग अक्का खंगायला लागल्या. आधी पोलकी सैल झाली, मग बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. पोटाचा काहीतरी चिवट आजार होता. औषधं चालू होती, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. एका दुपारी मी त्या दोघांबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं आणि म्हणाले, "शरीरात ताकद राहिली नाही तर औषध तरी कुठे काम करणार? रोज अंडं द्या. अंडं खाता ना, आजी?"

"आमच्याकडे नाही," आबा म्हणाले. इतक्या चटकन, की अक्कांचं तोंड उघडलेलंच राहिलं आणि मग मिटलं.

घरी येईपर्यंत रिक्षात आबा यादी करत होते. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, पनीर, दुधात खारीक. आणखी काय बरं? मला विचारत होते, मोबाइलवर बघायला सांगत होते. घरात शिरल्यावरही तेच चालू. अक्का भिंतीखालच्या खाटेवर टेकल्या, श्वास खाली बसू दिला आणि गोधडीचा रंग कोणता घ्यावा ते सांगावं, तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "अंडं खासू मी."

आबांनी ऐकलंच नाही असं वाटलं. मग म्हणाले, "औषध म्हणून? जाईल तुला?"

"न जायाले काय व्हयनं? माहेरले खाऊत आम्ही बठ्ठा. कोंबड्या व्हत्यात घरन्या. लगीन व्हईसन आठे उनू तवय सोडी दिधं."

"मले कधी सांगलं नाही तू!" आबांच्या तोंडून असोदा बाहेर पडला. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

"माले कोन्ही इचारंच नही," अक्का म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही म्हणाल्या. विचारलं नव्हतं, एवढंच सांगितलं.

आबा भिंतीकडे बघत उभे राहिले. ठिपके, टाचण्या, दोरा, वरची शाईची ओळ. अंड्याचं माझ्या घरात कोणाला काही नाही. ही रेष त्यांनी लावली ती अक्कांच्या दोऱ्याने, आणि तिच्यावरची जळमटं इतकी वर्षं झटकली ती अक्कांनीच. मला त्या क्षणी आबांचा राग आला, खरंच आला. मग त्यांचा चेहरा बघितला आणि राग धरवेना. संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "मी वर्गात चुकीचं सांगत आलो."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आबा."

"बायको आपल्याच घरची, तिला वेगळं काय विचारायचं? असं धरलं होतं मी. परक्या देशाची अंडी मोजली." एवढं बोलून ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः जाऊन अंडी आणली. मी आणते म्हटलं तर ऐकलं नाही. दुकानदाराला त्यांनी विचारलं होतं, "यातली पिकलेली कोणती?" हे पुढे महिनाभर गल्लीत गाजलं. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आणताना दोन फुटलीही. पण स्वयंपाकघर बाटवायचं नाही, हा पेच होताच. आमच्याकडे माळकरी घरात कोणाला औषधाला अंडं लागलं, तर वेगळं पातेलं घेऊन अंगणात विटांची चूल मांडतात. आबांनीही मागच्या अंगणात कडुनिंबाखाली तीन विटा मांडल्या, काटक्या आणल्या आणि धुरात डोळे चोळत बसले. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू सरक. हे माझं काम आहे."

अक्का मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून शिकवायला लागल्या. "पानी उकयू द्या आते. घाई करू नका. मीठ टाका थोडं, फुटाव नही." संख्याशास्त्राचे प्राध्यापक निमूटपणे ऐकत होते. अंडं झालं, सोललं. निम्मं पांढरं टरफलाबरोबरच गेलं. त्यांनी सुरीने दोन भाग केले आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग मान वर न करता विचारलं, "चरबी कुठं असते यात?"

अक्का हसल्या. आजारपणात त्या तशा हसल्याचं मला दुसरं आठवत नाही. पोट धरून हसल्या. "हाई पिवयं शे ना, तेमाच!" असं म्हणत त्यांनी तो बलक बोटांनी उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आबांनी माळ सावरली आणि दुसरा भाग पुढे केला.

पुढचे काही महिने ती चूल रोज पेटली. आबा अंड्याची पोळी करायला शिकले, कांदा बारीक चिरायला शिकले, कडा कुरकुरीत करायला तर मुद्दाम माझ्या गाडीवाल्याकडे जाऊन बघून आले. माळकरी माणूस गाडीजवळ हात मागे बांधून उभा आहे आणि गाडीवाला गोंधळून विचारतोय, "आबा, तुमले डबल का सिंगल?" हे दृश्य मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी स्वतः कधी चव घेतली नाही. तिखट बरोबर झालंय का, हे अक्कांच्या चेहऱ्यावरून ताडत.

त्याच काळात भिंतीवर एक नवा कागद लागला. दवाखान्यात दर खेपेला अक्कांचं वजन होई, त्याचे ठिपके. मी त्या कागदाकडे बघायचं टाळत होते, पण जिन्याकडे जाताना तो दिसायचाच. ठिपके खाली चालले होते. एखादा थोडा वर, की पुढचे पुन्हा खाली.

एका रविवारी दुपारी मी खाली आले तर आबा त्या कागदापुढे दोरा धरून उभे होते. एक टोक टाचणीला, दुसरं बोटांत. त्यांनी ते सरकवलं, मागे झाले, डोळे मिटले, उघडले. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि मला दिसलं, की जवळजवळ सगळे ठिपके दोऱ्याच्या खाली पडलेत. दोरा आडवा, उलट शेवटी जरासा वरच. पहिल्या वर्षाच्या मुलानेही अशी रेष काढली असती तर आबांनी त्याला उभा केला असता. त्यांनाही ते दिसत होतं. हात खाली येत नव्हता.

"मी तिचा नवरा," ते अखेर म्हणाले. "माझं मत बाद. तू लाव."

त्यांनी दोरा माझ्या हातात दिला. दिवसभर दुसऱ्यांच्या गावांचे, पिकांचे, पावसाचे आकडे लावणारी मी. मी दोरा घेतला, ठिपक्यांवर धरला आणि खाली आणायला लागले. थोडा आणला. मग तो पुढे जाईना. आबांनी ठेवला होता त्याच्यापेक्षा बोटभर खाली, बस. मी टाचणी शोधायचं नाटक करत राहिले. आम्हा दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं.

खाटेवरून अक्कांचा आवाज आला, "दोरा खाले ल्या."

आम्ही तसेच उभे. तेव्हा त्या भिंतीचा आधार घेत उठल्या. आबा धरायला धावले तर त्यांचा हात बाजूला केला. माझ्या हातातून दोरा घेतला, कागदाजवळ जाऊन डोळे बारीक केले आणि गोधडीवर टाक्याची रेघ आखताना धरतात तसा दोरा ठिपक्यांवर धरला. खाली आणला, आणखी खाली आणला. निम्मे ठिपके वर, निम्मे खाली. दोरा पार कागदाच्या कोपऱ्याकडे उतरत गेला होता. आबांच्या हातातली टाचणी घेऊन त्यांनी ती रोवली.

"शे तशी शे," त्या म्हणाल्या. "पोरेसले याकरताच बोलेत ना तुम्ही?" मग खाटेवर बसून दम खाल्ला आणि म्हणाल्या, "आज पोयी करा. कांदा जास्त टाकज्यात."

आबा अंगणात गेले आणि चूल पेटवायला लागले. मी कांदा चिरायला घेतला, कारण रडायला तेवढी सोय होती.

थंडी सरता सरता अक्का गेल्या. त्याआधीच्या आठवड्यापर्यंत अंडं चालू होतं. शेवटी शेवटी नुसता बलक, चमच्याने.

माझी जळगावला बदली झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी शिंदखेड्याला निघाले होते, तेव्हा वाटेत धुळ्याला उतरले. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, पुरणपोळी-आमरसाचं ताट वाढतात आणि त्यातला घास निखाऱ्यावर टाकतात. त्याला आगारी म्हणतात. अक्कांची ही पहिलीच आखाजी. बैठकीत नवी घागर मांडली होती, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं. असोद्याहून नाना आणि घरची माणसं आली होती. घरात गॅस, त्यामुळे निखारे अंगणातल्या त्या तीन विटांच्या चुलीत केले होते. नानांना ती चूल कशाची, हे माहीत नव्हतं. आबांनी सांगितलं नव्हतं.

बायकांनी ताट वाढलं. पुरणपोळी, रस, भजी, कुरडई, खीर. आबा ते ताट घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथे झाकून ठेवलेलं एक पातेलं त्यांनी उघडलं. उकडलेलं अंडं काढलं, सोललं. आता टरफल कसं नीट, एका कडेने निघालं. दोन भाग करून त्यांनी ते ताटात रसाच्या वाटीशेजारी ठेवलं.

नाना पुढे झाले. "भाऊ, हे काय ठेवलं तुमी? पित्रांच्या ताटात? आपल्या घरात?"

बाकीची माणसं दारात गोळा झाली. कोणीतरी म्हणालं, वयाने होतं असं कधी कधी. नाना रडकुंडीला आले होते. त्यांचाही जीव भावजयीवर होता. "तुमीच सांगा भाऊ, हे बरं दिसतं का?"

"माझं मत बाद," आबा म्हणाले. "ताट तिचं आहे."

त्यांनी पोळीचा तुकडा घेतला, रसात बुडवला, त्यावर पिवळा बलक ठेवला आणि अक्कांचं नाव घेऊन तो घास निखाऱ्यावर टाकला. अक्कांचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. नानांनी पायातली चप्पल काढली आणि चुलीला हात जोडले.

सगळे जेवायला बसले तेव्हा मी बैठकीत गेले. वजनाचा कागद भिंतीवर नव्हता. छोट्या देशाचा होता. पण वरच्या शाईच्या ओळीवर जळमट धरलं होतं. मी पदराने ते झटकलं. माझ्या पर्समध्ये चिठ्ठी होती, नेहमीसारखी घडी घातलेली. त्या वर्षी द्यावी की न द्यावी, हे ठरत नव्हतं. आबा मागून आले, चिठ्ठी दिसली, पण त्यांनी हात पुढे केला नाही. हात धुवायलाही गेले नाहीत. खाटेवर, अक्का टेकायच्या त्या जागी बसले आणि मला विचारलं, "वर गया का खाले?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी काही सांगितलं असतं, तर ते त्यांना लगेच कळलं असतं. पण तशी वेळ आली नाही. आकडा खरोखरच चढला होता.

"वर, आबा. थोडा वर गेलाय."

"म्हणजे खातायत," आबा म्हणाले. मग भिंतीकडे बघून, "खाऊ देत."